विषाणू भेदभाव करत नाही म्हणे!

सातूचं_पीठ

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, एरवी वाचनमात्र असते, तेव्हा सांभाळून घ्या. आम्ही शिकागोच्या सबर्बात राहतो, दोघंही आयटीत. लेक दहावीत आहे, तिला शाळेत एक असाइनमेंट मिळालीय. एप्रिल २०२० मध्ये शिकागोच्या महापौर लोरी लाइटफूट यांनी जाहीर केलं होतं की शहरात कोविडने गेलेल्यांपैकी जवळपास ७० टक्के लोक ब्लॅक आहेत, आणि शहराच्या लोकसंख्येत ते साधारण ३० टक्के. हे असं का झालं, यावर दोन पानं लिहून न्यायची आहेत.

जेवताना तिने विषय काढला. नवरा पोळी मोडता मोडता म्हणाला, "अगं त्यांच्यात डायबेटीस, बीपी जास्त असतं ना, म्हणून." मीही मान डोलावली. तर पोरगी म्हणते, "मग आजोबा कसे वाचले?"

आजोबा म्हणजे माझे सासरे. फेब्रुवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी आले, मार्चमध्ये भारताने विमानं बंद केली आणि ऑगस्टपर्यंत आमच्याकडेच अडकले. तेव्हा वय ७६, शुगर वीस वर्षांची, बीपी, वर एक बायपास. म्हणजे कागदावर बघितलं तर यादीत पहिला नंबर त्यांचाच. पण सकाळी बेसमेंटमध्ये रामरक्षा, दुपारी नातीबरोबर कॅरम, संध्याकाळी बॅकयार्डात शतपावली, सहा महिन्यांत साधी शिंक नाही. किराणा ॲपवरून यायचा. आणणारा माणूस दारात पिशव्या ठेवायचा, आम्ही खिडकीतून हात हलवायचो आणि तो गेला की ग्लोव्हज घालून कोथिंबिरीची जुडीसुद्धा पुसायचो (हसू नका, तुम्हीही पुसलीय). तो माणूस दिवसभरात अशी किती घरं करत असेल, दुकानात कितीजणांना घासून जात असेल, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. टिप वाढवली, झालं.

"विषाणू गरीब-श्रीमंत, गोरा-काळा बघत नाही" असं तेव्हा सगळे म्हणत होते, व्हॉट्सॲपवर त्याच्या कवितासुद्धा फिरत होत्या. मला तर आता ते साफ खोटं वाटायला लागलंय. तुम्ही काय पाहिलंत? अमेरिकेतलं असेल तर लेकीच्या कामी येईल, पण कुठलंही चालेल.

टवाळ_टोणगा

पहिला! फुटाणे घेऊन पुढच्या रांगेत बसलोय. वंश, पैसा आणि लस एकाच धाग्यात, संध्याकाळपर्यंत शंभरी नक्की.

नाम्या_जर्सीवाला

ताई राग मानू नका, पण प्रत्येक गोष्टीत वंश आणायची इथे फॅशन झालीय. तुमचे मिस्टर बरोबर बोलले. लठ्ठपणा, शुगर, फ्रोझन पिझ्झा आणि सोडा, व्यायाम शून्य. मी जर्सी सिटीत पंधरा वर्षं काढली, डोळ्यांनी बघितलंय काय खातात ते. विषाणू काय त्यांचा टॅक्स रिटर्न बघून शिरला का? आपण पण इमिग्रंटच, दोन सुटकेस घेऊन आलो, कुणी काही फुकट दिलं नाही.

खारी_बुडव्या

नाम्याशेठ, दोन सुटकेस आणि एक एच-वन व्हिसा, तेवढं लिहायचं राहिलं.

गोळी_आणि_चमचा

मी २०२० मध्ये मिशिगनमधल्या डेट्रॉइटला डॉक्टरकीची रेसिडेन्सी करत होतो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. मिशिगनमध्ये ब्लॅक लोकसंख्या १४ टक्के, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत मृत्यूंमध्ये ४० टक्के. आमच्या वॉर्डात तर चेहरे बघूनच कळत होतं, आकडे नंतर आले.

साताई, तुमच्या लेकीने बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. शुगर-बीपीमुळे आजार जास्त चिघळतो हे खरंच आहे, कोण नाही म्हणतंय. पण त्याआधी आजार गाठावा लागतो ना! २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत घरून काम करता येणं शक्य असलेले लोक मोजले होते, तर गोऱ्यांमध्ये ३० टक्के, ब्लॅकमध्ये २० च्या आत, हिस्पॅनिकमध्ये (म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाचे) १६. आणि सगळ्यात वर कोण माहितीय? एशियन, ३७ टक्के. म्हणजे तुम्ही, मी (मी नाही, पण माझी बायको) आणि नाम्या. लॉकडाऊन म्हणजे आपल्याला मिळालेलं चिलखत होतं, आणि ते घालून आपण बाकीच्यांना सांगत होतो की घरात बसा.

एक बाई आठवतात, पन्नाशीच्या, नर्सिंग होममध्ये (इथे म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळायची जागा) आया. दोन वेगवेगळ्या नर्सिंग होममध्ये काम, कारण दोन्हीकडे पूर्ण तास देत नाहीत, पूर्ण तास दिले की इन्शुरन्स द्यावा लागतो. पहिल्याकडे म्हातारे खोकत होते, तिथून बसने दुसरीकडे. ताप आला तरी तीन दिवस गेल्या. मी विचारलं का गेलात, तर माझ्याकडे असं बघितलं की हा पोरगा शिकलाय कुठे. मार्च २०२० मध्ये संसदेने दोन आठवड्यांच्या पगारी आजारपणाच्या रजेचा कायदा केला होता, पण ५०० च्या वर कामगार असलेल्या कंपन्यांना तो लागूच नव्हता, आणि आरोग्यसेवेतल्या लोकांना त्यातून वगळायची मालकाला मुभा होती. म्हणजे मोठ्या दुकानांतले कॅशियर बाहेर, आणि म्हाताऱ्यांचं शी-शू काढणारी आया पण बाहेर. ऑक्सिजन लावलेला असताना त्या बाई मला विचारत होत्या की सोमवारपर्यंत सोडाल का. नाही सोडता आलं.

डेट्रॉइटच्याच एका बस ड्रायव्हरने मार्चमध्ये व्हिडिओ टाकला होता, की बसमधली एक बाई तोंडावर हात न धरता खोकतेय आणि आम्ही इथे पोटासाठी उभे आहोत. दोन आठवड्यांच्या आत तो गेला. बातम्यांत आलं होतं.

आणि हो, "वीस सेकंद हात धुवा" सांगत होतो तेव्हा याच शहरात बिल थकलं म्हणून पाणी तोडलेली घरं होती. मार्चमध्ये घाईघाईने परत जोडायची योजना काढावी लागली.

नाम्या_जर्सीवाला

डॉक्टरसाहेब, आदर आहे. पण मग शुगर-बीपी त्यांना जास्त का, ते पण मालकानेच दिलं का?

गोळी_आणि_चमचा

थेट मालकाने नाही, पण पत्त्याने दिलं म्हणा. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर ब्लॅक वस्त्या लाल रंगाने रंगवल्या होत्या, म्हणजे इथे घरासाठी कर्ज म्हणजे धोका. कर्ज नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून पुढच्या पिढीकडे पैसा नाही, आणि हायवे, कारखाने, कचरा जाळायच्या जागा तिथेच. साताई, शिकागोत श्रीमंत, बहुतेक गोरं स्ट्रीटरव्हिल आणि गरीब, बहुतेक ब्लॅक एंगलवूड यांत जेमतेम नऊ मैल अंतर आहे. साथीच्या आधी, २०१९ मध्ये, आयुर्मान काढलं होतं. एकीकडे ९०, दुसरीकडे ६०. तीस वर्षांचा फरक, साथ यायच्या आधीच.

टवाळ_टोणगा

म्हणजे लोकलने दादरहून बांद्र्याला जाता जाता दहा वर्षं कमी.

सातूचं_पीठ

बाप रे. आम्ही घर बघत होतो तेव्हा ग्रुपवरच्या प्रत्येकाने सांगितलं होतं, "त्या साइडला बघूच नका, स्कूल रेटिंग बघा." रेटिंग म्हणजे काय हे सगळ्यांना कळत होतं, कुणी उच्चारलं नाही.

खारी_बुडव्या

मी न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा. गंमत म्हणजे आमच्या शेजारच्या वस्तीचं नावच कोरोना आहे, आधीपासून. जॅक्सन हाइट्स, एल्महर्स्ट, कोरोना, सगळं सात नंबरच्या ट्रेनखाली. मार्चच्या शेवटी एल्महर्स्टच्या हॉस्पिटलमध्ये चोवीस तासांत १३ माणसं गेली, बाहेर फुटपाथवर टेस्टसाठी पहाटेपासून रांग, छत्र्या धरून. मॅनहॅटनमधले पैसेवाले तेव्हा गावाकडच्या बंगल्यांवर निघून गेले होते, सेंट्रल पार्कजवळच्या रस्त्यांवर संध्याकाळी खिडक्यांत दिवे नव्हते म्हणे. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे दिवे लागलेले, चोवीस तास.

का ते सांगतो. खालच्या बेसमेंटमध्ये सहा बांगलादेशी मुलं राहायची, दोन खोल्या. तीन दिवसा टॅक्सी नाहीतर डिलिव्हरी करणार, तीन रात्रपाळीला. एक उठला की त्याच गादीवर दुसरा. त्यातल्या एकाला ताप आला तेव्हा त्याला "वेगळ्या खोलीत राहा, वेगळं बाथरूम वापरा" असं फोनवर सांगितलं गेलं. तो मला हिंदीत म्हणाला, "भैया, अलग बाथरूम कौनसा? नीचे वाले मॅकडोनाल्ड का?" आणि ते पण बंद होतं. वाचला बिचारा, पण त्याचा रूममेट नाही.

मे महिन्यापासून रात्री एक ते पाच सबवे बंद केली, सफाईसाठी. रात्री दोन वाजता ट्रेनमध्ये कोण असतं? क्लब बंद, बार बंद. तेव्हा नर्स आणि सफाईवालेच होते त्यात.

पोहे_विदाउट_शेव

इथे सगळे अमेरिकेचं बोलतायत म्हणून जरा मुंबईचं सांगते. जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत सिरो सर्व्हे झाला होता, म्हणजे रक्त तपासून किती जणांना लागण होऊन गेली ते बघणं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी, आणि तिथल्याच बिल्डिंगांत १६ टक्के. एकच वॉर्ड, मध्ये फक्त कंपाउंडची भिंत. आमच्या सोसायटीने तेव्हा कामवाल्या बायकांना गेटवर अडवायचा ठराव केला होता, "त्या इन्फेक्शन आणतील" म्हणून. मी हात वर केला होता ठरावाला. पगार दिला आम्ही दोन महिने, नंतर बऱ्याच जणांनी बंद केला.

बखर_वाचक

पोहेताई, हे जुनंच आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबई शहरात हजारी मृत्यूंचे आकडे जात-धर्मवार नोंदलेले आहेत. युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, सवर्ण हिंदू १८.९, आणि तेव्हाच्या नोंदींत ज्यांना 'लो कास्ट' म्हटलंय ते ६१.६. सात पटींच्या वर. नाम्यासाहेब, तिथे फ्रोझन पिझ्झा नव्हता.

टवाळ_टोणगा

बखरकाका, टाळ्या. (थाळ्या नाही.)

नाम्या_जर्सीवाला

मान्य, गरिबी हा फॅक्टर आहे. मी कधी नाही म्हटलं? माझं म्हणणं वंश मध्ये कशाला. आणि तुम्ही लोक फक्त २०२० चं सांगताय. २०२१ च्या अखेरीस इथे गोऱ्यांचा मृत्युदर ब्लॅक लोकांच्या वर गेला होता, ते पण सांगा की. लस घेतली नाही, मास्क घातला नाही, मेले. म्हणजे शेवटी वागणूकच ना?

गोळी_आणि_चमचा

आकडा खरा आहे, तो नाकारणार नाही. काही महिने तसं झालं होतं, आणि लशीवरून जे राजकारण झालं ते त्याचं एक मोठं कारण. पण त्यातून तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही, उलटंच होतं. जीन तेच, पिझ्झा तोच, वर्षभरात चित्र फिरलं. म्हणजे शरीरात जन्मजात काही नव्हतं.

आणि वयाचं विसरू नका. इथले गोरे सरासरी वयाने मोठे आहेत, हिस्पॅनिक तरुण. नुसते टक्के लावले की तरुणांचं जास्त मरणं त्यात लपून जातं. २०१९ ते २०२० या एका वर्षात आयुर्मान किती घसरलं, त्याचा पूर्ण वर्षाचा पहिला अंदाज बघा. गोऱ्यांचं १.२ वर्षं, ब्लॅकचं २.९, हिस्पॅनिकचं ३. हिस्पॅनिक लोक एरवी गोऱ्यांपेक्षा जास्त जगायचे, गरीब असूनही, डॉक्टर लोक त्यावर डोकं खाजवायचे. एका वर्षात त्या आघाडीतला बराच भाग गेला.

आता वंश कशाला म्हणता, तर ऑक्सिमीटरचं सांगतो. ते बोटात लावायचं चिमटं, त्यातला प्रकाश कातडीतून जातो. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये छापलं. मशीन ९२ ते ९६ दाखवतंय, म्हणजे बरं चाललंय, पण धमनीतलं रक्त तपासलं तर खरं ८८ च्या खाली, असं गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के वेळा आणि ब्लॅक पेशंटमध्ये ११.७ टक्के. आम्ही त्याच आकड्यावर ठरवत होतो कुणाला ॲडमिट करायचं आणि कुणाला घरी पाठवायचं. मी किती जणांना "९४ आहे, घरी जा, पाणी प्या" म्हटलं असेल, मोजलेलं नाही, मोजायची हिंमत पण नाही. इथे करोडपती असला तरी कातडी तीच.

पोहे_विदाउट_शेव

अय्या, मग आपल्या सावळ्या माणसांचं काय? आमच्याकडे दुसऱ्या लाटेत ऑक्सिमीटर काळ्या बाजारात अडीच हजाराला घेतला होता. जाऊबाईंना तो ८१ दाखवायला लागला, सगळे रडायला लागले, ॲम्ब्युलन्सला फोन. मग कळलं की चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मेंदी काढलेली, तीही बोटांच्या टोकापर्यंत. पायाच्या बोटाला लावलं तर ९८.

टवाळ_टोणगा

पायाच्या बोटाला मेंदी नव्हती हे नशीब. धागा आता मेंदीवर जाणार. राजस्थानी की अरेबिक?

लीड्सची_लीला

मेंदीवरून परत आणते. मी इंग्लंडात नर्स आहे, अठरा वर्षं. इथे दवाखाना फुकट, इन्शुरन्सची भानगड नाही, तरी तेच. जून २०२० च्या सरकारी अहवालात बांगलादेशी वंशाच्या लोकांना मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांच्या जवळपास दुप्पट, आणि भारतीय, पाकिस्तानी, कॅरिबियन वगैरेंना १० ते ५० टक्के जास्त. या लोकांत आपण आलो, नाम्यादादा. कोविडने गेलेले इथले पहिले दहा डॉक्टर, सगळे गोरेतर. तुमच्याकडच्या फिलिपिनो नर्सचं पण तसंच, नर्सेसमध्ये ४ टक्के आणि सप्टेंबर २०२० पर्यंत गेलेल्या नर्सेसमध्ये ३० च्या वर, असं तिथल्या नर्सेसच्या युनियननेच मोजलं होतं.

मास्कची गोष्ट सांगते. तोंडाला घट्ट बसतो का ते बघायला फिट टेस्ट असते, डोक्यावर हुड घालतात आणि कडू फवारा मारतात, कडू लागलं की नापास. मी, एक केरळची आणि एक मनिलाची, तिघी नापास. मास्क बनवतात ते उंच गोऱ्या पुरुषाच्या तोंडाच्या मापावर, आमची हनुवटी त्यात हलते. लहान साइझ मागितली तर "ऑर्डर दिलीय". पाच आठवडे ऑर्डरच. आणि ड्युटी लावताना कोविड वॉर्डला पहिलं नाव कुणाचं, तर जी भांडत नाही तिचं. आमचा व्हिसा हॉस्पिटलवर, भांडणार कोण? मी तर तेव्हा नागरिक झालेली होते, तरी नाही भांडले, सवयच गेली होती.

नाम्या_जर्सीवाला

लीलाताई, हे वाईट झालं. यावर मी काही बोलत नाही.

खारी_बुडव्या

धाग्याची ऐतिहासिक घटना, नोंद घ्या.

अरिझोनाचा_आप्पा

उशिरा आलो. नावाहो लोकांचं (अमेरिकेतली मूळ रहिवाशांची एक मोठी जमात) कुणीच लिहिलं नाही म्हणून. आम्ही फिनिक्समधली काही मराठी मंडळी मे २०२० मध्ये पाण्याचे कॅन आणि डाळ-तांदूळ घेऊन वर त्यांच्या प्रदेशात गेलो होतो. मे महिन्यात तिथला लागणीचा दर न्यूयॉर्कच्या वर गेला होता. अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या राज्याएवढा प्रदेश, आणि त्यात किराण्याची मोठी दुकानं तेरा. जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत नळ नाही. पिकअपच्या मागे टाकी बांधून पाणी भरायला तासभर गाडी हाकतात. विकेंडला कर्फ्यू लागला की शुक्रवारी सगळे एकाच नळावर, एकाच दुकानात. घरात तीन पिढ्या, होगन म्हणतात त्या गोल घरात. मराठवाड्यातला टँकर आणि हे चित्र, फरक एवढाच की हे जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात. परदेशात युद्ध-दुष्काळात जाणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ची टीम तिथे आली होती यावरून समजा.

अवांतर पण सांगतोच. १८४७ मध्ये आयर्लंडच्या दुष्काळात चॉक्टॉ नावाच्या जमातीने, जी स्वतः हाकलून लावलेली होती, १७० डॉलर गोळा करून पाठवले होते. ते आठवून २०२० मध्ये आयरिश लोकांनी नावाहो आणि त्यांच्या शेजारच्या होपी जमातीच्या मदतनिधीत पैसे ओतले. आणि ओक्लाहोमातल्या चेरोकी लोकांनी लस आली तेव्हा अगदी पहिल्या रांगेत कुणाला घेतलं, तर ज्यांना चेरोकी भाषा अस्खलित येते अशा म्हाताऱ्यांना. हजार-दोन हजारच उरलेत बोलणारे.

एवढं करूनही मूळ रहिवाशांचं आयुर्मान २०१९ ला ७१.८ होतं ते २०२१ ला ६५.२. लस त्यांनी इतरांच्या आधी आणि जोरात घेतली बरं का, नाम्याभाऊ. वागणूक चांगलीच होती.

बखर_वाचक

आप्पा, ते १७० डॉलरचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

पोहे_विदाउट_शेव

पण ब्लॅक लोक लस घ्यायला घाबरत होते ना? तसं वाचलं होतं.

खारी_बुडव्या

थोडे घाबरत होते, आणि का घाबरणार नाहीत? टस्कीगीला १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या चारशे ब्लॅक पुरुषांना औषध न देता नुसतं बघत ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा. पण सगळं घाबरण्यावर ढकलू नका. जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्याच वॉशिंग्टन हाइट्समध्ये, डॉमिनिकन वस्तीत, लसीकरणाचं मोठं केंद्र उघडलं आणि रांगेत बघावं तर बाहेरून गाड्या घेऊन आलेले गोरे. ज्याच्याकडे लॅपटॉप आणि सकाळी नऊला रिफ्रेश मारायला वेळ त्याला अपॉइंटमेंट. मी स्वतः ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून स्लॉट पटकावला होता. खालच्या टॅक्सीवाल्या पोरांसाठी पण तीन बुक केले, वेबसाइट त्यांना कळत नव्हती.

सातूचं_पीठ

सगळ्यांचे आभार, मुलीने धागा वाचून घेतला माझ्याकडून (तिला वाचता येत नाही, समजतं). ऑक्सिमीटर, एंगलवूड आणि घरून कामाचे आकडे तिने घेतले. लीलाताईंचा मास्क घ्यायचा होता पण विषय शिकागो होता.

काल व्हिडिओ कॉलवर तिने आजोबांनाच विचारलं, तुम्ही कसे वाचलात? मला वाटलं रामरक्षा म्हणतील. ते आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, हे मी वर लिहिलं नव्हतं. म्हणाले, "अगं वाचलो कसला, रिटायर झालो होतो. त्या वेळी ड्युटीवर असतो आणि दिवसाला पाचशे माणसांच्या हातचे पैसे घेत असतो, तर हीच शुगर घेऊन पहिल्या महिन्यात गेलो असतो. तुझ्या बापाने तळघरात कोंडून ठेवलं म्हणून." मग डेट्रॉइटच्या ड्रायव्हरबद्दल तिने सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि विचारलं, त्याच्या गाडीत कंडक्टर होता का.

गोळी_आणि_चमचा

इथे कंडक्टर नसतो हे सांगा त्यांना. ड्रायव्हर एकटाच असतो.

टवाळ_टोणगा

शंभरी झालीच नाही, पण बरं झालं. मार्क किती मिळाले?

सातूचं_पीठ

बी प्लस. मॅडमनी लिहिलंय, आजोबा हा सोर्स म्हणून चालणार नाही.